जुनी रंगीत काच : सांगली-साताऱ्यात जमवायची कशी, उघड्यावर मांडून विकायची कशी

जुन्या काचेचा नाद नव्यानं लागलेली मंडळी बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच विचारतात : बेल्जियमची हंडी, म्हणजे छताला टांगायचा काचेचा दिवा, कुठे मिळेल? मी त्यांना आधी ओगलेवाडी सांगते. कराडचं रेल्वे स्टेशन जिथे आहे, तीच ओगलेवाडी. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी इथे काचेचा कारखाना काढला, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आसरा दिला आणि पुढे इथला 'प्रभाकर' कंदील घरोघरी खुंटीला लागला. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, तो लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून. आपल्याकडची सगळी काच बोटीतून आली असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं.

नवशिक्यानं आपल्या मुलखातल्या काचेपासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. कंदिलाच्या काचा, गोटी सोड्याच्या बाटल्या, दवाखान्यातल्या औषधांच्या खुणा पाडलेल्या शिश्या, बरण्या, दौती अजून माळ्यावर पडलेल्या आहेत. त्यांची किंमत कमी, त्यामुळे चूक झाली तरी शे-दोनशे रुपयांत निभावते. आणि कायद्याचाही प्रश्न आहे, तो आधीच सांगून टाकते.

कायदा आधी

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंचा विक्रीचा धंदा करायचा तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. नव्या माणसानं शंभर वर्षांच्या आतलाच माल विकावा. त्याहून जुनं काही हाती आलं आणि विकायचं असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. गिऱ्हाइकापुढे भाव वाढवायला "दीडशे वर्षांची आहे बघा" म्हणायची सवय लावून घेऊ नका. खोटं असेल तर ती फसवणूक, आणि खरं असेल तर तुमच्याकडे परवाना हवा.

देवळातली हंडी, समई, झुंबर कुणी विकायला आणलं तर हात लावू नका. वाड्यातला माल घेताना विकणाऱ्याची सही असलेली साधी चिठ्ठी घ्या : काय घेतलं, कुणाकडून, कधी, किती रुपयांना. माझ्याकडे अशा चिठ्ठ्यांची एक फाईल आहे आणि ती मला कपाटातल्या काचेइतकीच जपावीशी वाटते.

डोळा आणि बोटं तयार करणे

पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नका. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे निवांत बघा. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे, तिथेही एक दिवस घालवा. पण संग्रहालयात काच कपाटाआड असते, हातात येत नाही. बोटांचं शिक्षण आजीच्या फडताळात होतं.

वस्तू हातात आली की सगळ्यात आधी पालथी करा. काचेचा जन्मदाखला बुडाशी असतो. फुंकून केलेली वस्तू घडवताना कारागीर तिच्या बुडाला लोखंडी दांडा चिकटवतो आणि शेवटी झटका देऊन तोडतो. त्या जागी खरखरीत व्रण राहतो, किंवा तो घासून गुळगुळीत केलेला गोल खळगा दिसतो. साच्यात दाबून केलेल्या काचेवर उभी शिवण दिसते, नखाला लागते. बाटलीवर ही शिवण कुठवर जाते ते पाहा. शिवण गळ्यापाशी विरली असेल तर तोंड बहुधा हातानं घडवलंय. थेट ओठावरून पलीकडे गेली असेल तर बाटली यंत्रावरची. ओवेन्स यांचं स्वयंचलित बाटली यंत्र १९०३ चं, त्यामुळे अशी बाटली त्याआधीची असणं कठीण.

त्याच बुडावर झीज बघा. पन्नास-साठ वर्षं फळीवर सरकवलेल्या वस्तूच्या बुडाला बारीक ओरखडे असतात, आडवे, तिरके, कसेही, आणि फक्त जिथे बूड टेकतं तिथेच. सगळे ओरखडे एकाच दिशेला, एकसारखे दिसले तर समजा की कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय. हे एवढं पाहायला दहा रुपयांचं भिंग पुरतं.

मग कड. डोळे मिटून अनामिका कडेवरून सावकाश फिरवा. डोळ्यांना न दिसलेला टवका बोटाला सापडतो. कड सपाट आणि धारदार लागली, वस्तूची उंची बेढब वाटली, तर टवका घालवण्यासाठी कड घासून कमी केलेली असते. नंतर वस्तू तळहातावर मोकळी धरून नखानं हलकी टिचकी मारा. पातळ पेल्याचा किंवा हंडीचा नाद लांबतो, तडा असेल तर 'टप्' असा मेलेला आवाज येतो. जाड बाटली मात्र तडा नसतानाही वाजत नाही, तिला उन्हाकडे धरून फिरवूनच पाहावं लागतं.

रंगाबद्दल दोन शब्द. लाल पेल्यावर नक्षी कापलेली असेल आणि कापलेल्या जागी बिनरंगी पारदर्शक काच दिसत असेल, तर लाल थर वरून चढवलेला आहे. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, कारागिरांची ही ओळखीची पद्धत आणि त्यात कमीपणा काहीच नाही. नखानं खरवडला जाणारा रंग म्हणजे मात्र नुसतं रंगकाम. पिवळट हिरवी काच दिसली तर तिच्यावर अतिनील टॉर्च मारा, नोटा तपासायला वापरतात तसली. काचेत युरेनियम असेल तर ती अंधारात कोवळ्या लिंबासारखी पेटून उठते. मँगनीज असलेली काचही हिरवट चमकते, पण मंद. युरेनियमची काच कपाटात ठेवायला हरकत नाही, रोजचं सरबत मात्र तीतून पिऊ नये. हीच टॉर्च डागडुजीही उघडी पाडते, कारण चिकटवलेल्या जागचा गोंद बऱ्याचदा वेगळा चमकतो.

तेलाच्या थेंबासारखे मोरपंखी रंग खेळवणारे पेले दिसतील, त्यांना कार्निव्हल काच म्हणतात. दाबून केलेली काच गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारतात, त्यानं ही झळाळी येते. १९०७ च्या सुमारास अमेरिकेत फेंटन यांच्या कारखान्यात ती सुरू झाली आणि आपल्याकडे फिरोझाबादच्या जैन ग्लास वर्क्सनं तिचे पेले-फुलदाण्या काढल्या. काहींच्या बुडाशी इंग्रजीत 'जैन' अशी अक्षरं उठवलेली सापडतात. असा पेला भंगाराच्या ढिगात दिसला तर सोडू नका.

फसवणुकीचा एक प्रकार नीट समजून घ्या. वर्षानुवर्षं पाणी राहून सुरईची आतली बाजू खवखवीत, धुरकट होते. ही काचच खाल्ली गेलेली असते, धुऊन जात नाही. पण आत तेलाचा हात फिरवला की ती लख्ख दिसते. म्हणून तोंडाशी नाक न्या आणि आत बोट फिरवा. ओली असताना स्वच्छ दिसते आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट होते, अशी सुरई शोभेला घ्या, पण भाव निम्म्याहून कमी द्या.

माल कुठे मिळतो

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. तिथे शिकायला जा. घ्यायचं ते आपल्या गावात घ्या : सांगलीचा गावभाग, मिरजेची ब्राह्मणपुरी, वाई, साताऱ्याच्या पेठा. वाडा पाडून इमारत उठणार असली की माळे रिकामे होतात. रद्दीवाले, भंगारवाले, बंद पडलेले सोड्याचे कारखाने, जुनी औषधांची दुकानं यांच्याकडे महिन्यातून एकदा चक्कर टाका आणि चहाला थांबा. घाईच्या माणसाला माळ्यावरचं कुणी दाखवत नाही.

साताऱ्यात शनिवार पेठेतल्या एका आजींनी मला माळ्यावरची निळी हंडी खाली काढून दाखवली. आतल्या बाजूला, अर्ध्याच्या थोडी वर, पांढरट कडं होतं, खडूनं आखल्यासारखं.

"हे काय हो आजी?"

"पाण्याची खूण आहे ती. गणपतीत लावायचो ना. खाली पाणी, वर तेल, आणि तेलावर वात तरंगायची. सासूबाई त्या खुणेपर्यंतच पाणी घालायला सांगायच्या."

ती हंडी बेल्जियमची आहे का, हे मी त्यांना विचारलं नाही. आपल्याकडे कुठल्याही जाड, देखण्या काचेला बेल्जियम म्हणायची रीत आहे आणि फिरोझाबादहून आलेल्या नव्या हंड्याही त्याच नावानं खपतात. मी आजींचे शब्द वहीत उतरवून घेतले. घरी आणून हंडी धुतली, पण ते कडं तसंच ठेवलं.

गोटी सोड्याच्या बाटलीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्या भागात ती हमखास मिळते. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आतल्या वायूच्या दाबानं गोटी वर सरकून तोंडातल्या रबरी चकतीला घट्ट बसते. गळ्याशी आत दाबलेले दोन खळगे असतात, बाटली त्या बाजूला कलंडवली की गोटी तिथे अडकते आणि सोडा मोकळा वाहतो. गोटीसाठी पोरांनी फोडल्यामुळे जुन्या बाटल्या बऱ्याच गेल्या. अंगावर गावाचं किंवा सोडावाल्याचं नाव उठवलेलं असेल तर तिची किंमत बिननावाच्या बाटलीच्या कितीतरी पट समजा. गोटी सोडा आता पुन्हा चालायला लागलाय, त्यामुळे नव्या कोऱ्या बाटल्याही जुन्या म्हणून गळ्यात मारल्या जातात. बुडाची झीज इथे कामाला येते.

धुणे

प्लास्टिकचं टब, तळाशी जुना टॉवेल, कोमट पाणी, साधा साबण. हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून ठेवा. थंडीच्या सकाळी गार पडलेल्या काचेवर कढत पाणी ओतलं की ती तडकलीच. सोनेरी रेघ किंवा वरून रंगवलेली फुलं असतील तर भिजवत ठेवू नका, ओल्या कापडानं टिपून घ्या. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पातळ केलेल्या व्हिनेगरनं रात्रभरात सुटतो. अरुंद गळ्याच्या शिशीत मूठभर तांदूळ, साबण आणि पाणी घालून हळू हलवा. बूच अडकलं असेल तर कडेनं तेलाचे दोन थेंब सोडा आणि दोन दिवस विसरून जा. सुरईचं बूच मूळचंच आहे का, हे पाहताना गळ्यावर आणि बुचावर कोरलेला आकडा जुळतो का ते बघा.

पुरातली काच वेगळी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर गावभागात घराघरांतून चिखलानं भरलेली खोकी रस्त्यावर आली, त्यात काचही होती. असा वाळलेला गाळ फडक्यानं पुसू नका. त्यातली बारीक वाळू काचेवर कायमचे ओरखडे पाडते. दोन-तीन वेळा पाणी बदलत भिजवा, गाळ आपोआप सुटू द्या, मगच हात लावा. लेबलं त्या पुरात गेली ती गेलीच.

वही आणि चिठ्ठी

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. वहीत खरेदी, तारीख, गाव, मालकानं सांगितलेली हकिगत आणि दोष लिहा. विक्रीची चिठ्ठी दोऱ्यानं बांधा, चिकटपट्टी सोनेरी रेघ उचलून नेते. टवका असेल तर चिठ्ठीवर 'कडेला टवका' असं लिहूनच ठेवा. जे नक्की माहीत नाही ते लिहू नका. 'निळी फुंकीव हंडी, सातारा' एवढं पुरतं.

भाव ठरवताना खरेदीत प्रवास, गाळ्याचं भाडं आणि फुटतूट धरा. मी शंभराला घेतलेल्या साध्या बाटलीचे अडीचशे सांगते आणि दोनशेला देते. चांगल्या वस्तूला एवढी घासाघीस ठेवत नाही.

उघड्यावरची मांडणी

आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव कधी उठेल याचा नेम नसतो आणि काचेचा खरा शत्रू वारा आहे. एका प्रदर्शनात आयोजकांनी उभारलेल्या मांडवाचा एक खांब मातीत नुसता टेकवलेला होता. एकच झोत आला, खांब टेबलावर आडवा झाला आणि माझे नऊ नग गेले. त्यात एक जोडीची अत्तरदाणी होती, तिचं दुःख अजून आहे. तेव्हापासून पोचल्या पोचल्या मी खांब हलवून बघते, माझा स्वतःचा दोर आणि वाळूच्या चार पिशव्या बरोबर असतात, आणि उंच फुलदाण्यांच्या तळाशी मूठ-दोन मूठ धुतलेली वाळू घालते.

टेबल डुगडुगतं का ते आधी बघा, पायाखाली फळकुटं सारून ते पक्कं करा. फळीच्या चारही कडांना अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी ठोका. वर जुनी घोंगडी अंथरा. तिच्यावर काच सरकत नाही आणि कलंडली तरी बचावते. घोंगडीवर सुती कापड, तेही जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका. कुणाच्या पिशवीत किंवा लहान मुलाच्या मुठीत टोक सापडलं की सगळंच खाली येतं. कडेला चिमटे लावा.

दिशा महत्त्वाची. रंगीत काच मागून उजेड आला तरच बोलते. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि गिऱ्हाईक समोर, असा गाळा मागून घ्या, म्हणजे पूर्वेला पाठ करून बसा. दुपारनंतर ऊन समोरून यायला लागतं, तेव्हा पुढे पांढरं धोतर आडवं बांधा, उजेड मऊ होतो. हंडी टेबलावर ठेवू नका, लोखंडी स्टँडला टांगा. टांगण्यापूर्वी साखळीची प्रत्येक कडी ओढून बघा.

आणि उन्हाबद्दल एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. सांगलीत मार्चमधल्या एका सकाळी मी गोल कुपीत पाणी भरून ठेवलं होतं, रंग खुलून दिसावा म्हणून. तासाभरानं जळकट वास आला. कुपीनं भिंगासारखं ऊन एका जागी गोळा केलं होतं आणि कापडाला रुपयाएवढं काळं भोक पडून कड धुमसत होती. भरीव काचेचे गोळे, कागदावर ठेवायची वजनं आणि पाणी भरलेली कुठलीही गोल वस्तू सावलीतच ठेवा. पाण्याची एक बाटली हाताशी असू द्या.

गिऱ्हाइकाला हात लावू द्या. काच हातात घेतल्याशिवाय कुणी विकत घेत नाही. "ताई, पिशवी जरा खाली ठेवता का? मग दोन्ही हातांनी निवांत बघा," असं हसून म्हटलं की कुणाला राग येत नाही. मुलांसाठी एक गोटीची बाटली वेगळी ठेवा, ती हलवून ऐकण्यात ती रमतात आणि आई-वडलांना बघायला वेळ मिळतो. सकाळची भवानी दहा-वीस रुपयांसाठी मोडू नका. पहिली वस्तू गेली की पुढचा माणूस थांबतो.

ती निळी हंडी मी दोन हंगाम टांगली. पुष्कळांनी त्या पांढऱ्या कड्याकडे बोट दाखवून "डाग आहे" म्हणत भाव पाडला. शेवटी वाईच्या एका काकांनी वहीतली आजींची हकिगत पूर्ण वाचली आणि मागितलेले पैसे दिले. हकिगत मी वेगळ्या कागदावर उतरवून हंडीबरोबर दिली. आता प्रत्येक चांगल्या वस्तूबरोबर असा कागद देते.

बांधणे

छापील वर्तमानपत्र थेट काचेला लावू नका, शाई उतरते. आधी जुन्या मऊ साडीचा किंवा धोतराचा तुकडा, त्यावर कागद. पेल्यांच्या आतही कापडाचा बोळा भरा. बूच, झाकण, चिमणी नेहमी वेगळी गुंडाळा. तासगावच्या बाजूला बेदाण्याचे पुठ्ठ्याचे खोके सहज मिळतात, ते मजबूत असतात आणि भरल्यावरही एका माणसाला उचलता येतात. तळाशी भुस्सा, जड नग खाली, हलके वर, मधे पुठ्ठ्याचे कप्पे. भरून झाल्यावर खोकं हलकेच हलवा. आत काही किणकिणलं तर उघडून पुन्हा भरा.

संध्याकाळी उरलेल्या नगांच्या चिठ्ठ्या वहीशी ताडून बघा, आणि टेबलाखालचं गवत बॅटरी मारून तपासा. अत्तराच्या कुपीचं बूच हरभऱ्याएवढं असतं आणि ते तिथेच पडलेलं सापडतं.